कोरियन, जपानी की चिनी? पहिली मालिका ठरवताना

आधी तासांचा हिशेब मांडू. नेहमीच्या घाटाची कोरियन मालिका १६ भागांची, भाग साधारण ७० मिनिटांचा. म्हणजे जवळपास पावणेएकोणीस तास. जपानी मालिका १० भागांची आणि भाग पाऊण तासाचा. साडेसात तासांत संपते. चिनी मालिका ४० भागांची, भाग तेवढाच, ३० तास. आकडे कोरडे वाटतील, पण गोष्ट कुठे रेंगाळणार, कुठे धावणार आणि शेवट कसा होणार हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. 'सगळ्यांत गाजलेली कोणती' असं विचारून सुरू केलेली मालिका चौथ्या-पाचव्या भागात सुटते ती बहुधा यामुळेच. मालिका वाईट नसते. तिचा घाट आणि बघणाऱ्याची सवड यांचं जुळत नाही.

कोरियात मालिका आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस लागते: सोम-मंगळ, बुध-गुरू, शुक्र-शनि किंवा शनि-रवि. आठ आठवड्यांत १६ भाग. त्यामुळे मोठा धक्का दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा भागांच्या शेवटी ठेवलेला असतो, कारण तिथून प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवायचं असतं. म्हणून एकाच भागावरून मत बनवू नका. दोन बघा आणि दुसऱ्याच्या शेवटी ठरवा.

अडचण येते ती साधारण ११ ते १४ या भागांत. प्रेमकथेत ऐवज १२ तासांचा असतो आणि भरायचे असतात अठरा-एकोणीस. मग गैरसमज, आईचा विरोध, परदेशातली नोकरी, कधी अपघातात गेलेली स्मृती. शेवटच्या भागात 'एक वर्षानंतर' अशी पाटी येते आणि दोघं पुन्हा भेटतात. हे आधी ठाऊक असलं की तो टप्पा पार पडतो. थेट नेटफ्लिक्ससाठी बनलेल्या अलीकडच्या अनेक मालिका ६, ८ किंवा १२ भागांच्या आहेत आणि त्यांत ही पोकळी कमी जाणवते. मात्र पात्रांसोबत नुसतं बसून राहण्याचा जुन्या घाटातला निवांतपणाही त्यांत उरत नाही, आणि कोरियन मालिकेची खरी ताकद तोच आहे असं आमचं मत आहे.

दोन गोष्टींनी नवा प्रेक्षक गोंधळतो. कोरियाच्या मुख्य प्रक्षेपण वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायची परवानगी २०२१ पर्यंत नव्हती. त्यामुळे काही वर्षं या वाहिन्यांनी ७० मिनिटांचा भाग मधोमध कापून दोन भाग म्हणून दाखवला आणि दोन्हींच्या मध्ये जाहिराती घातल्या. एखाद्या जुन्या मालिकेपुढे '३२ भाग' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. ते ३५ मिनिटांचे अर्धे तुकडे आहेत, मालिका १६ भागांचीच आहे. दुसरी गोष्ट, मालिकेच्या आत वस्तूंची जाहिरात करायला २०१० पासून कायदेशीर परवानगी आहे. पात्रं पुन्हा पुन्हा त्याच सँडविचच्या दुकानात का भेटतात, याचं उत्तर त्यात आहे.

कोणती घ्यावी? हलकीफुलकी प्रेमकथा हवी असेल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०, १६ भाग). दक्षिण कोरियातली श्रीमंत तरुणी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तर कोरियात उतरते, अशी सुरुवात. सरहद्दीवरच्या गावातल्या बायका, त्यांच्या चौकशा, जाणारी वीज, किमची हे लोणचं साठवायची तळघरं हा भाग मुख्य प्रेमकथेपेक्षाही सरस आहे. घरच्या सगळ्यांसोबत बघायची असेल तर 'रिप्लाय १९८८' (२०१५-१६, २० भाग). सोलमधल्या सांगमून-दोंग या वस्तीतल्या एका गल्लीतली पाच कुटुंबं. पहिल्याच भागात प्रत्येक घरची आई मुलाच्या हाती शेजारी भाजीची वाटी पाठवते आणि मुलं गल्लीभर फेऱ्या मारत राहतात. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्याला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र वेळ जोखून घ्या: भाग दीड तासाच्या आसपास आहेत, एकूण ३० तास. मनाला खोल भिडणारं काही हवं असेल तर 'माय मिस्टर' (२०१८, १६ भाग). पंचेचाळिशीचा एक इंजिनिअर, त्याचे दोन बेकार भाऊ, आणि कर्जवसुलीवाल्यांनी पिळलेली एकवीस वर्षांची मुलगी. पहिले चार भाग अंधारे आणि जड आहेत. ते रात्री थकून आल्यावर बघितलेत तर पाचवा बघणार नाही. सुट्टीच्या दिवशी सुरू करा.

आता भाषेचं. मराठी प्रेक्षकाचा इथे मोठा फायदा आहे आणि इंग्रजी उपशीर्षकं तो हिरावून घेतात. कोरियनमध्ये आदराची बोली वेगळी आणि सलगीची वेगळी. पहिलीला जोन्देन्माल म्हणतात, दुसरीला बान्माल. 'आता आपण सलगीनं बोलूया का?' असं पात्रं एकमेकांना रीतसर विचारतात. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याचा तो क्षण असतो आणि अनेक प्रेमकथांमध्ये कबुलीजबाबापेक्षा तो महत्त्वाचा असतो. इंग्रजी उपशीर्षकात दोन्हीकडे एकच 'यू'. ओप्पा, ह्यंग, नूना, ओन्नी या थोरल्या भावाबहिणींच्या हाका आहेत, बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष यावरून बदलणाऱ्या. उपशीर्षकात त्यांच्या जागी बऱ्याचदा नुसतं नाव येतं. भेटल्याबरोबर वय का विचारतात, तेही यातूनच कळतं: कोणती बोली वापरायची ते वयावर ठरतं. जुन्या मालिकेतली वयं आपल्या हिशेबापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त असतात, कारण जन्मतःच एक वर्ष धरून दर नव्या वर्षाला एक वाढवायची पद्धत होती. सरकारी कामकाजासाठी जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय पद्धत लागू झाली.

चिनीत नात्यांचे शब्द मराठीसारखेच नेमके आहेत. गूगू म्हणजे आत्या, ईमा म्हणजे मावशी, ज्यूज्यू म्हणजे मामा. वडिलांचा थोरला भाऊ बोबो, धाकटा शूशू. राजघराण्याच्या कथेत वारस कोणत्या बाजूचा हे याच शब्दांवर फिरतं, आणि इंग्रजीत सगळे 'अंकल' नि 'आंट'.

हिंदी डबिंगमध्ये आप-तुम-तू आणि बुआ-मौसी परत मिळतात, पण मूळ आवाज जातो. घरच्या वडीलधाऱ्यांना वेगानं इंग्रजी वाचणं जमत नसेल तर हिंदी डब मिळाला तर खुशाल घ्या, 'रिप्लाय'सारख्या गप्पांच्या मालिकेत सोयीचंच पडतं. 'माय मिस्टर'मध्ये मात्र घेऊ नका. ती अर्धी मालिका श्वासांवर आणि थांबण्यांवर उभी आहे. तिथली मुलगी फोनवर नायकाच्या पावलांचा आवाज ऐकत असते.

जपानी मालिकांचं वर्ष चार हंगामांत विभागलेलं असतं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आठवड्याला एक भाग, ९ ते ११ भागांत हंगाम संपला की मालिका संपली. एवढ्या कमी जागेत गोष्ट बहुतेक वेळा भागागणिक एक प्रकरण अशी बसवतात आणि मागून एक धागा चालू ठेवतात. 'अननॅचरल' (२०१८, १० भाग) याचा उत्तम नमुना आहे. अनैसर्गिक मृत्यूंची कारणं शोधणारी प्रयोगशाळा, दर भागाला एक मृतदेह, आणि एका सहकाऱ्याच्या जुन्या दुःखाचा धागा शेवटपर्यंत. एक भाग बघून आठवडाभर थांबलात तरी काही विसरत नाही. नोकरी आणि घर सांभाळून बघणाऱ्याला हा घाट सर्वांत सोसतो.

जपानी अभिनय संयत असतो असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. 'हानझावा नाओकी' (२०१३, १० भाग) ही बँकेतल्या सूडाची मालिका बघा: ओरडणं, डोळे वटारणं, घाम, अगदी जवळून घेतलेले चेहरे. त्यात काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरचे नट आहेत आणि अभिनयाची पट्टीही तीच आहे. तिच्या शेवटच्या भागाला टोकियो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक मिळाले होते. दुसऱ्या टोकाला 'मिडनाइट डायनर'. टोकियोतल्या शिंजुकूमधली एक खानावळ, उघडी मध्यरात्री १२ ते सकाळी ७. फळ्यावर डुकराच्या मांसाचं मिसो सूप आणि तीन-चार पेयं एवढंच, पण सामान असेल तर मालक सांगाल ते करून देतो. २४-२५ मिनिटांचा भाग, एक पदार्थ, एक माणूस. यापैकी एक बघून 'जपानी म्हणजे असं' ठरवलंत तर दुसऱ्या बाजूला कधीच पोचणार नाही.

जपानीची मोठी अडचण मिळण्याची. वाहिन्यांनी हक्क फार वर्षं आवळून धरले, त्यामुळे जुन्या चांगल्या मालिका कायदेशीरपणे मिळवायला कष्ट पडतात. 'मिडनाइट डायनर: टोकियो स्टोरीज' हे २०१६ आणि २०१९ चे संच नेटफ्लिक्सचे असल्यानं सुरुवात तिथून सोपी.

चिनी मालिकांना जो दोष दिला जातो तो तिथल्या लोकांनी स्वतःच नोंदवलाय. लांबवलेल्या मालिकेला चिनीत 'जूश्वेई' म्हणतात, म्हणजे पाणी घातलेली. शब्दशः आपलीच तक्रार. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या नियामक संस्थेनं मालिका ४० भागांपुढे नेऊ नयेत, शक्यतो ३० च्या आत ठेवाव्यात, असं बजावलं. त्यानंतरच्या काळात बारा-पंधरा भागांच्या नेटक्या मालिकाही आल्या.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ही दुसरी तक्रार. अनेक चिनी मालिकांत, विशेषतः ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य कथांत, नटाचा आवाज नंतर दुसऱ्या कलाकारानं दिलेला असतो. हंगद्यानसारख्या प्रचंड चित्रनगरीत शेजारी शेजारी चित्रीकरणं चालू असतात, गोंगाट असतो. नटांचे उच्चार प्रांतोप्रांतीचे. शिवाय सेन्सॉरच्या परीक्षणानंतर संवाद बदलावे लागतात. डोळ्यांना याची सवय व्हायला चारेक भाग लागतात.

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकानं 'निर्वाणा इन फायर' (२०१५, ५४ भाग) चुकवू नये. कपटानं संपवलेल्या ७० हजारांच्या सैन्यातला एक जण बारा वर्षांनी नाव आणि चेहरा बदलून राजधानीत परततो. शरीर खचलेलं, तलवार हाती धरवत नाही, आणि केवळ डावपेचांनी एका दुर्लक्षित राजपुत्राला सिंहासनाकडे नेत जुन्या अन्यायाचा निवाडा मागतो. पहिले सहा भाग कठीण आहेत. नायकालाच लिन शू आणि मेइ छांगसू अशी नावं आहेत, वर आणखी एक टोपणनाव. राजपुत्रांची नावं वेगळी, पदव्या वेगळ्या. कागदावर घराण्यांचा तक्ता काढा, सातव्या भागापासून त्याची गरज पडत नाही. इथे दोन भागांवर निर्णय घेणं चुकीचं ठरेल, सहा बघाच.

एवढी सवड नसेल तर 'द लाँग सीझन' (२०२३, १२ भाग). ईशान्य चीनमधलं पोलादाच्या कारखान्याचं गाव, कामगारकपात, आणि १९९७, १९९८ व २०१६ या तीन काळांत सरकणारा एका खुनाचा तपास. नायक पूर्वी कारखान्याच्या रेल्वेचा चालक, आता टॅक्सी चालवतो. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय किंवा घरच्यांकडून ऐकलंय, त्यांना ती बंद कारखान्याची शांतता ओळखीची वाटेल. काळ बदलला की कपड्यांकडे आणि केसांकडे लक्ष ठेवा, पाटी फार वेळ थांबत नाही.

मालिकेला वेळ देण्याआधी चव बघायची असेल तर कुटुंबांवरचे तीन चित्रपट पुरेत. 'पॅरासाइट' (२०१९, १३२ मिनिटं): सोलमधलं अर्धं जमिनीखालचं घर, विनोदापासून सुरू होऊन भीतीत शिरणारी कथा. हा मध्येच पालटणारा सूर आवडला तर कोरियन मालिका आवडतील. 'शॉपलिफ्टर्स' (२०१८, १२१ मिनिटं): रक्ताचं नातं नसलेलं टोकियोतलं कुटुंब, महत्त्वाचं ते कोणी बोलत नाही. हे रुचलं तर जपानीकडे वळा. 'यी यी' (२०००, १७३ मिनिटं) तैपेईतला. लग्नानं सुरू होतो, अंत्यविधीनं संपतो. तो आवडला तर तैवानच्या मालिका शोधा. त्या सहसा चीनच्या मुख्य भूमीवरच्या मालिकांपेक्षा आटोपशीर असतात आणि राजकारणावर मोकळेपणानं बोलतात.

आयुष्यातली पहिलीच मालिका असेल आणि एकट्यानं बघणार असाल तर 'अननॅचरल', ती मिळाली नाही तर 'मिडनाइट डायनर'. घरच्यांसोबत 'रिप्लाय १९८८'. चिनी मोठी मालिका दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर घ्या, उपशीर्षकं वाचता वाचता चेहरा बघायची सवय लागल्यावर. सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. मालिका कुठे आहे आणि किती दिवस राहणार, कारण हक्क संपले की ती अर्ध्यावर गायब होते. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आलेल्या ॲपांत चिनी मालिका दाखवणारे वीटीव्ही (WeTV) आणि मँगो टीव्ही होते. यूट्यूबवरच्या अधिकृत वाहिन्यांवर मात्र बऱ्याच चिनी मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पूर्ण मिळतात. आणि भागांची संख्या मूळ संख्येशी ताडून बघा. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' ही ७६ भागांची मालिका दीड-दीड तासाच्या ६ भागांत कापूनही निघाली आहे. त्या कापलेल्या आवृत्तीत दासींची आणि धाकट्या राण्यांची बरीच कथानकं गेली आहेत, त्यामुळे कोण कोणावर का उलटलं ते कळत नाही. ती घेऊ नका.