न्यू जर्सीहून फ्लोरिडाला: यू-बॉक्स कुठे पुरतो, कुठे अडतो

यू-हॉल या अमेरिकेतल्या सामान हलवणाऱ्या कंपनीचा यू-बॉक्स म्हणजे प्लायवूडचा एक उभा खोका. आतून ९५ इंच लांब, ५६ इंच रुंद, ८३.५ इंच उंच, म्हणजे २५७ घनफूट. वजनाची मर्यादा २,००० पाउंड. खोका दारात येतो, भरायचा आपण, कुलूप आपलं. मग कंपनी तो उचलून दुसऱ्या राज्यात पोचवते किंवा मधल्या काळात गोदामात ठेवते. निवृत्तीनंतर न्यू जर्सीतल्या एडिसन, पार्सिपनीकडचं चार बेडरूमचं घर विकून टँपा-ओरलँडोच्या बाजूला दोन बेडरूममध्ये जाणाऱ्या जोडप्यांसाठी ही सेवा उत्तम आहे, विशेषतः इकडचं क्लोजिंग (घराचा व्यवहार पुरा होण्याचा दिवस) आणि तिकडचं क्लोजिंग यांत महिना-दोन महिने जात असतील तर. फक्त दोन गोष्टी धरून चालायला हव्यात: जागा संपायच्या आधी वजनाची मर्यादा संपू शकते, आणि दमट हवेत प्लायवूडवर विसंबून राहता येत नाही.

किती बॉक्स लागतील हे सोडायच्या घरावरून ठरवू नका, जायच्या घरावरून ठरवा. फ्लोरिडात जमिनीखालचं पाणी वर असल्यामुळे बेसमेंट जवळपास कुठेच नसतं, आणि ॲटिक उन्हाळ्यात इतकं तापतं की तिथे अल्बम किंवा बॅगा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणजे न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये पंचवीस-तीस वर्षं साठलेलं जे काही आहे त्याला तिकडे मुळात जागाच नाही. स्नो ब्लोअर, फावडी, मिठाच्या गोण्या, जाड रजया, मुलांच्या कॉलेजातला फुटॉन, दुसरा फ्रीज: हे सगळं इथेच निकालात काढायचं. चांगलं फर्निचर हॅबिटॅट या धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाला, रीस्टोअरला, देता येतं. एवढं झाल्यावर दोन बेडरूमच्या सामानाला तीन ते चार बॉक्स पुरतात. पाचवा लागतोय असं वाटलं तर पुन्हा बेसमेंटमध्ये जाऊन या.

आता वजनाचं. सामान हलवण्याच्या धंद्यात घरगुती मालाचा ढोबळ हिशेब घनफुटाला ७ पाउंड असा धरतात. २५७ घनफुटांचे साधारण १,८०० होतात, म्हणजे सोफा, गाद्या, कपडे, दिवे असा मिसळीचा माल असेल तर बॉक्स गच्च भरूनही मर्यादेत बसतो. पण आपल्या घरांत पुस्तकं आणि भांडी असतात. दीड घनफुटाचा छोटा खोका पुस्तकांनी भरला की ४० ते ५० पाउंड होतो. असे ४० खोके जेमतेम ६० घनफूट जागा घेतात, बॉक्सचा पाव हिस्सादेखील नाही, आणि वजन मात्र १,६०० ते २,००० पाउंड! म्हणून ‘पुस्तकांचा एक बॉक्स, किचनचा एक बॉक्स’ अशी वाटणी करू नका. प्रत्येक बॉक्सच्या तळाला आठ-दहा पुस्तकांचे खोके आणि वर हलका माल, असं करा. दगडाचा वेट ग्राइंडर, पाटा-वरवंटा, पितळेचे हंडे, संगमरवरी देव्हारा वेगवेगळ्या बॉक्समध्ये तळाला, मध्यभागी. बाथरूममधल्या काट्यावर प्रत्येक खोका तोलायचा, आकडा मार्करने खोक्यावरच लिहायचा, बेरीज फोनमध्ये ठेवायची. फोर्कलिफ्ट आल्यावर बॉक्स जड निघाला तर तो तिथेच रिकामा करायची वेळ येऊ शकते.

पॉड्स या दुसऱ्या कंपनीचा १६ फुटी डबा मोठा म्हणून मोह होतो, पण त्याला वजनाची मर्यादा ४,२०० पाउंड, जागा ८०० घनफुटांच्या आसपास. घनफुटाला पाचच पाउंड पडतात, म्हणजे पुस्तकवाल्यांसाठी तो आणखी अडचणीचा. यू-पॅक या तिसऱ्या कंपनीचा रिलोक्यूब हा डबा धातूचा आहे, साधारण ३०० घनफुटांचा, मर्यादा २,५०० पाउंड, आणि जेवढे क्यूब वापराल तेवढ्यांचेच पैसे. तारखा पक्क्या असतील आणि मध्ये सामान ठेवावं लागणार नसेल तर रिलोक्यूब सरस. भरायला तीन कामाचे दिवस मिळतात. सामान महिनाभर अडकून राहणार असेल तर यू-बॉक्स सोयीचा, पहिल्या महिन्याचं भाडं धरलेलं असतं. सगळं काम मजुरांवर सोडायचं तर आंतरराज्य मूव्हर घ्यावा, पण त्यात ‘रिलीज्ड व्हॅल्यू’ या फुकटच्या संरक्षणाखाली भरपाई पाउंडाला ६० सेंट एवढीच. ५० पाउंडाचा टीव्ही फुटला तर हातात ३० डॉलर.

मापाची एक गंमत ध्यानात ठेवा: लांबी ९५ इंच, म्हणजे आठ फुटांना एक इंच कमी. आठ बाय दहाचा गालिचा गुंडाळला की त्याची वळकटी ९६ इंचांची होते आणि जमिनीवर सरळ बसत नाही. तिरपी घालावी लागते. आठ फुटी डायनिंग टेबलाचं तसंच: मधली फळी काढा, पाय सोडवा, मग टॉप उभा करा. क्वीन गादी कडेवर उभी छान बसते. झोपाळ्याची सहा फुटी फळी निवांत जाते, फक्त कड्या आणि साखळ्या वेगळ्या कापडात.

भरताना मागच्या भिंतीपासून छतापर्यंत थर पूर्ण करत पुढे यायचं. अर्ध्या उंचीवर थांबलात की फोर्कलिफ्ट वाकल्यावर वरचा माल पुढे येणार. फटीत उशा, गाद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पिशव्या. आतल्या कड्यांना नायलॉनची दोरी बांधली तर प्रवासात ती सैल पडते. रॅचेट स्ट्रॅप (खटक्याने आवळायचे पट्टे) घ्या, प्रत्येक बॉक्सला निदान चार. वजन डावीकडे-उजवीकडे सारखं पडलंय ना हे पाहा.

ओल हा खरा शत्रू. जानेवारीत कोरड्या, थंड हवेत बंद केलेला माल फ्लोरिडात उघडला की थंड वस्तूंवर दव धरतं. पॉलिश केलेल्या लाकडावर थेट प्लास्टिक रॅप लावू नका, ओल आत कोंडते आणि पॉलिशवर डाग उठतात. आधी सुती चादर किंवा ब्लँकेट, रॅप त्याच्यावरून. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या ओल चांगली शोषतात, पण त्यांच्यात पाणी साचतं. कपड्यांवर ठेवल्या तर व्हायच्या त्या गोष्टी होतात. दारापाशी कडीला टांगा. पैठण्या मलमलीत गुंडाळून गाडीतून न्या, डांबराच्या गोळ्यांशिवाय. त्या गोळ्यांनी साडीची जर काळी पडते. हार्मोनियम, फोटोंचे अल्बम, कॅसेट, औषधं हेही गाडीतून. उन्हाळ्यात बंद बॉक्स आतून भयंकर तापतो. बॉक्सला वरून कव्हर असलं तरी वादळी पावसात आठवडाभर उघड्यावर ठेवायची ही वस्तू नव्हे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे, तेव्हा बॉक्स गोदामातच राहू द्या आणि घर तयार झाल्यावर मागवा.

अंगणातल्या सामानाची तपासणी ही औपचारिकता नाही. न्यू जर्सीत स्पंजी मॉथ आणि स्पॉटेड लँटर्नफ्लाय या दोन्ही किडींमुळे निर्बंध आहेत. ग्रिल, खुर्च्या, सायकली, कुंड्या राज्याबाहेर न्यायच्या आधी तपासून यादी भरून ठेवायची असते. लँटर्नफ्लायची अंडी वाळक्या चिखलाच्या फराट्यासारखी दिसतात, खुर्च्यांच्या खालच्या बाजूला हमखास असतात. जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका. झाडं बॉक्समध्ये चालतच नाहीत. आणि कढीलिंबाची कुंडी गाडीतूनही नेऊ नका: तो लिंबाच्याच कुळातला, आणि ज्या किडीमुळे फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागांत ग्रीनिंग रोग पसरला ती कीड कढीलिंबावर वाढते. लिंबूवर्गीय झाडं बाहेरून आणायला त्या राज्यात मनाई आहे. कुंडी शेजाऱ्यांना द्या.

दर मागताना एक आकडा घेऊ नका. बॉक्स आणणं, उचलणं, वाहतूक, जास्तीच्या महिन्याचं भाडं, तिकडे घरपोच देणं असे पाच आकडे वेगळे मागा. घरपोच देण्याचा आकडा आधी सांगितला जात नाही आणि नंतर बोचतो. रिकामा परत गेलेल्या बॉक्सचं काय लागेल हेही लेखी घ्या. विम्यासाठी यू-हॉलचं सेफस्टोर मोबाइल वेगळे पैसे देऊन मिळतं, त्यात काय वगळलंय तेवढं वाचा. घर विकलं की त्याची विमा पॉलिसी सहसा बंद केली जाते, तेव्हा गोदामातला माल तिच्यात बसेल असं गृहीत धरू नका.

पोचल्यावर पहिला अडथळा एचओएचा, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचा. ड्राइव्हवेवर बॉक्स किती तास चालेल हे आधी ईमेलने विचारून ठेवा. ड्राइव्हवे पेव्हरचा (सुट्या फरसबंदी विटांचा) असेल तर फोर्कलिफ्टच्या चाकांखाली प्लायवूडचे तक्ते घाला, नाहीतर पेव्हर दबतात. कपाटांचे खण पहिल्या महिन्यात अडकतील. रंधा मारू नका. न्यू जर्सीच्या हिटरने वाळलेलं लाकूड फुगतंय एवढंच. एसी चालू ठेवून घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणा, काही आठवडे जाऊ द्या, आणि त्यानंतरही खण घासत असेल तरच सुताराला बोलवा.