गाडीतल्या रेडिओचा आवाज ‘साफ’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी वायरलेसवर एकमेकांशी बोलायचा परवाना आहे. गाडीत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा ५० वॅटचा सेट बसवलाय. डिचोलीहून चोर्ला घाट चढताना मोबाइलची रेंज जाते तिथे तोच कामाला येतो. त्यामुळे त्यात आवाज येऊ लागले तेव्हा ते दुरुस्त करून घेणं भागच होतं. एक आवाज बारीक शिट्टीसारखा, ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. दुसरी खरखर, ती फक्त रात्री.

म्हापशाबाहेरच्या एका दुकानात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, मिनिटभर कान लावला आणि म्हणाला, “बाब, आल्टरनेटर गेला तुमचा.” म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. मीटर लावला नाही, एक वायर सोडवून पाहिली नाही. ‘नवा’ आल्टरनेटर, वर वायरीतून येणारा आवाज गाळणारा एक काळा नॉइज फिल्टर, मजुरी धरून ९,५०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचे जास्त लागतील म्हणाला आणि चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. जुना आल्टरनेटर मागितला तर तो म्हणे ‘एक्स्चेंजमध्ये’ गेला.

मग त्याने इंजिन चालू करून रेस दिली. सेट एकदम गप्प. ऐकणाऱ्याला वाटावं, काम झालं.

त्याची लबाडी इथेच होती. अशा सेटवर स्क्वेल्चचं बटण असतं. समोरून सिग्नल नसताना जी सरसर येते ती ऐकू येऊ नये म्हणून ते असतं. ते जास्त फिरवलं की सरसरीबरोबर दूरचे, कमजोर सिग्नलही दाबले जातात. त्याने ते जवळजवळ पूर्ण फिरवून ठेवलं होतं. घाटात एका मित्राची हाक मला ऐकूच आली नाही, तो मात्र मला नीट ऐकत होता. बटण मागे आणलं आणि त्याने उत्तर दिलं, तर त्याच्या बोलण्यामागे तीच शिट्टी. डोंगरात कुणी अडकलं असतं आणि मदतीसाठी हाक मारत असतं तर, हा विचार आजही मला संताप आणतो. पैसे घेतले ते घेतलेच, वर सेट बहिरा करून दिला.

पुढे मालीम जेटीवर ट्रॉलरचे व्हीएचएफ सेट दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडे गेलो. गाडी चालू ठेवून, दिवे लावून त्यांनी पहिल्यांदा एरियलची वायर सेटमागून काढली. खरखर थांबली, शिट्टी तशीच राहिली. म्हणजे खरखर हवेतून एरियलवाटे येत होती आणि शिट्टी सेटला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरीतून. एका मिनिटात दोन आवाजांच्या दोन वाटा कळल्या. मग त्यांनी एकेक वस्तू बंद केली. हेडलाइट बंद केल्याबरोबर खरखर गेली. स्वस्त एलईडी बल्बांच्या ड्रायव्हर सर्किटमध्ये विजेचं फार वेगाने चालू-बंद होत असतं, त्यातून रेडिओलहरी फेकल्या जातात. सिगारेट लायटरच्या जागी लावायचे हलके चार्जर आणि डॅशकॅमही तेच करतात.

शिट्टीचं मूळ इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीत निघालं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने ती हिरवी पडून आतून कुजली होती. दिवे आणि एसी चालू ठेवून तिच्या दोन टोकांमध्ये मीटर लावला तर अर्ध्या व्होल्टच्या वर, चांगल्या पट्टीत तो ०.१ च्या आसपास असतो. पट्टी बदलली, बोल्टाखालचा गंज घासला, सेटची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घेतली, हेडलाइटला साधे हॅलोजन बसवले. खर्च काहीशे रुपये.

आणि तो फिल्टर? मामांनी करवतीने कापला. आत एक वायर इकडून शिरून तिकडून बाहेर, वजनासाठी जुना बोल्ट आणि वरून एम-सील. खऱ्या फिल्टरमध्ये तारेचं वेटोळं म्हणजे चोक असतो, वीज साठवणारा कपॅसिटर असतो आणि कपॅसिटरची एक बाजू अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाते. याची अर्थची वायर डब्याला नुसती चिकटवलेली. विकत घेण्यापूर्वीच पारखता येतं: मल्टिमीटर ओहमवर ठेवून लाइन आणि अर्थ यांच्यात लावा. कपॅसिटर असेल तर आकडा हळूहळू चढत जातो, नसेल तर पहिल्यापासून काहीच दाखवत नाही. फिल्टर किती अँपिअरचा तेही विचारा. ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअरच्या पुढे ओढतो, ३ अँपिअरचा डबा तिथे तापतो. असाच आवाज अडवायला वायरीला अडकवायच्या फेराइटच्या कड्या घेताना खिशात चुंबक ठेवा. फेराइटला तो चिकटतो, नुसत्या प्लास्टिकला नाही.

‘नव्या’ आल्टरनेटरची पुली झिजलेली होती आणि रंग स्क्रूच्या खाचांमध्येसुद्धा गेला होता. आल्टरनेटरवर बोट ठेवणाऱ्याला सांगा, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टच्या रेंजला लाव. आल्टरनेटरमधला एसीचा डीसी करणारा डायोड गेला असेल तर तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसतं. हे करायला जो कांकूं करतो त्याच्याकडून गाडी परत घ्या. साखळी गावच्या एका ओळखीच्या माणसाला तर डिझेल गाडीसाठी ‘नॉइज न करणारे स्पार्क प्लग’ विकले गेले. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतातच!

मी यूपीआयने पैसे दिले होते. ती नोंद, दुकानाची चिठ्ठी आणि कापलेल्या फिल्टरचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. अशाच फिल्टरचे दोन तुकडे कुणाच्या घरी पडले असतील तर फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.