‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’: नीट बघणाऱ्यांचा गेम

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ घेऊन मला आता बरेच महिने झाले. पावसाळ्यात एकदा पूर्ण खेळून झाला आणि तेव्हापासून जो तयार होईल त्याला मी लॅपटॉपसमोर बसवते आहे. गेम २०१८चा आहे, त्यामुळे ‘आता काय त्याचं’ असं वाटू शकतं. पण कोड्यांचे गेम आवडत असतील आणि हा राहून गेला असेल, तर बाकीचं बाजूला ठेवून आधी हा घ्या.

गोष्ट अशी. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज १८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघतं. केप ऑफ गुड होपला ठरल्याप्रमाणे पोचत नाही, तेव्हा ते बुडालं असं धरलं जातं. १४ ऑक्टोबर १८०७च्या सकाळी तेच जहाज इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात वाहत येतं. शिडं फाटलेली, वर माणूस दिसत नाही. आपण कंपनीच्या विम्याचं काम बघणारे तपासनीस. एक होडीवाला आपल्याला जहाजापर्यंत सोडतो. पुढे आपण, रिकामं जहाज आणि एक वही. वहीत ६० माणसांची यादी, त्यांची रेखाचित्रं आणि जहाजाचे नकाशे. प्रत्येकाचं नाव, त्याचं काय झालं आणि कोणी केलं, एवढं भरायचं.

हातात एक खिशातलं घड्याळ असतं. प्रेताजवळ नेऊन ते उघडलं की पडदा काळा होतो आणि मरणाआधीच्या काही क्षणांचे आवाज ऐकू येतात. पावलं, आरडाओरडा, दार तोडल्याचा आवाज, एखादं अर्धवट वाक्य. मग नेमका मरणाचा क्षण समोर गोठून उभा राहतो आणि त्यात आपण फिरू शकतो. उडालेले लाकडाचे तुकडे हवेत तसेच थांबलेले, कोणी डोलकाठीला धरून लटकलेला, कोणी दाराआड लपलेला. मेलेला माणूस एक, पण त्या क्षणी आसपास असलेले दहाजणही दिसतात. खरी माहिती बहुतेक वेळा त्या दहाजणांत असते.

एकच उदाहरण देते, बाकीची गुपितं फोडणार नाही. खलाशी जिथे झोपतात तिथला एक प्रसंग आहे. झोळ्या ओळीने टांगलेल्या आणि प्रत्येकीवर क्रमांक. वहीतली नावंही क्रमांकानेच आहेत. झोळीत झोपलेल्याचा चेहरा दिसत नाही, पण बाहेर आलेला पाय दिसतो. आता तोच पायमोजा, तोच जोडा दुसऱ्या कुठल्या प्रसंगात कोणाच्या पायात आहे, ते आपण हुडकायचं. इथे ‘सापडलं!’ अशी चमकणारी खूण येत नाही की बाण येत नाही. कोणाच्या उच्चारावरून देश कळतो, कोण कोणाबरोबर जेवतो यावरून काम कळतं, कप्तानाच्या जवळ कोण उभं राहतं यावरून हुद्दा. गेम आपल्याला हुशार धरून चालतो, आणि तेच मला त्यात सगळ्यात जास्त आवडतं.

अंदाजपंचे उत्तरं भरता येत नाहीत, याचीही सोय केली आहे. तीन माणसांची नोंद पूर्ण बरोबर झाली तरच ती वहीत छापील अक्षरांत पक्की होते. दोनांबद्दल खात्री आणि तिसऱ्याबद्दल शंका, अशी अवस्था वारंवार येते. मग तिसऱ्यासाठी पुन्हा सगळं जहाज पालथं घालायचं. त्या तीन नोंदी पक्क्या होताना वाजणारं संगीत ऐकलं की आजही अंगावर काटा येतो.

हे संगीतसुद्धा गेम बनवणाऱ्या लुकास पोप यांचंच. ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम करणारे तेच. चित्रं, प्रोग्रॅमिंग, लेखन बहुतेक एकट्याने केलं आणि त्यात चारेक वर्षं घातली. सगळा गेम दोनच रंगांत आहे, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखा. करड्या छटा नाहीत, नुसते ठिपके. असे ठिपके त्रिमितीत फिरताना पडद्यावर वळवळायला लागतात आणि डोळ्यांना त्रास होतो. ते जागच्या जागी वाटावेत म्हणून पोप यांनी बरेच प्रयोग केले आणि त्यांची सविस्तर टिपणं उघडपणे लिहिली. तांत्रिक गोष्टींची आवड असेल तर ती जरूर शोधून वाचा. बाफ्टा या ब्रिटिश संस्थेने २०१९ मध्ये या गेमला कलात्मक कामगिरी आणि गेम डिझाइन असे दोन पुरस्कार दिले, तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही.

आपल्या वाचकांना एक गोष्ट जास्त जवळची वाटेल. यादीत देश ‘भारत’ असलेले काही खलाशीही आहेत. कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी खरोखरच असत, त्यांना लस्कर म्हणत. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा घोळक्याने येतो. इथे मात्र कप्तानाला जेवढी ओळ तेवढीच लस्कराला, आणि त्याचं नाव नीट शोधल्याशिवाय वही पुरी होत नाही. दोन लस्कर आजारपणात जातात, तो भाग मी परत परत जाऊन पाहिला.

त्रुटी आहेत. जुना प्रसंग पुन्हा बघायचा तर वहीतून थेट जाता येत नाही, त्या प्रेतापर्यंत चालतच जावं लागतं. शेवटीशेवटी हे वर-खाली करणं कंटाळवाणं होतं. शेवटची काही नावं शोधायला लागणारे पुरावे इतके बारीक आहेत की थोडा अन्याय वाटतो. रक्तपात भरपूर आहे, चित्र स्थिर असलं तरी अंगावर येतो, लहान मुलांना देऊ नका. मराठीत तर नाहीच. इंग्रजी बोली समजणं गरजेचं आहे, म्हणून संवादांच्या ओळी वाचाच, शिवाय हेडफोनही लावा.

एकदा उत्तरं कळली की स्वतःला परत खेळण्यात फारसा अर्थ उरत नाही, हे खरं. पण दुसऱ्याला खेळताना बघणं हा वेगळाच आनंद आहे. माझा भाचा सध्या खेळतोय. मला जे नाव शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ते त्याने निव्वळ एका हातातल्या वस्तूवरून क्षणात सांगितलं, आणि मी जे पटकन ओळखलं त्यावर तो अडून बसलाय. तो विचारतो, ‘मावशी, एक हिंट दे ना.’ मी देत नाही. तुम्हीही कोणाकडून घेऊ नका, सगळी उत्तरं दाखवणारे वॉकथ्रूचे व्हिडिओ तर उघडूच नका. पीसीशिवाय निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरही मिळतो. स्विचवर घेतलात तर टीव्हीला जोडा, छोट्या पडद्यावर त्या ठिपक्यांत चेहरे ओळखणं अवघड जाईल.