डाय इन्सर्टसाठी ७१८ की वास्पॅलॉय?

एच-१३ (गरम कामाचं टूल स्टील) चे इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये (साच्यात) बसवलेले सुटे तुकडे, नरम पडून खचताहेत, नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) करूनही भागत नाही आणि आता निकेलच्या मिश्रधातूंकडे वळायचं ठरलंय, अशांसाठी हे लिहितोय. मग बहुतेकदा दोन नावं समोर येतात: इन्कोनेल ७१८ आणि वास्पॅलॉय. गरम फोर्जिंगच्या डायमध्ये मी दोन्ही चालवले आहेत. हेच धातू वापरणाऱ्या टर्बाइनवाल्यांचा हिशोब वेगळा. झिजलेली डिस्क वेल्डिंगने भरून पुन्हा कामाला लावायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. आपल्यावर नेहमी येते.

पाया दोघांचा जवळजवळ सारखाच. क्रोमियम १९-२० टक्के, पापुद्रे धरू नयेत म्हणून. थोडं मॉलिब्डेनम, त्याचे मोठे अणू निकेलच्या जाळीत घुसून तिला ताठ ठेवतात. फरक आहे तो एजिंगमध्ये (भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून कडक करताना) तयार होणाऱ्या बारीक कणांचा. वास्पॅलॉयमध्ये ३ टक्के टायटॅनियम आणि सव्वा-दीड टक्का अ‍ॅल्युमिनियम निकेलशी मिळून गॅमा प्राइम नावाचे कण तयार करतात. ७१८ मध्ये या दोघांची बेरीज दीड टक्क्याच्या आसपास. तिथे भार उचलतं पाच टक्के नायोबियम, गॅमा डबल प्राइम नावाच्या कणांच्या रूपात.

साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत ताकदीत ७१८ सरळ पुढे असतो. त्यानंतर त्याचे कण फुगतात आणि हळूहळू डेल्टा नावाच्या चपट्या, निरुपयोगी फेजमध्ये बदलतात. गॅमा प्राइम तितका लवकर हार मानत नाही; उलट तापमान वाढताना काही टप्प्यापर्यंत तो कण कापायला आणखी अवघड होतो. त्यात वास्पॅलॉयमधलं १३ टक्के कोबाल्ट अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमला निकेलमध्ये फारसं विरघळू देत नाही, म्हणून जास्त कण शिल्लक राहतात. बोरॉन आणि झिर्कोनियम नावापुरते, पण ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिक-दाण्यांच्या) सीमा तेच धरून ठेवतात. कागदावर ७०० अंशांच्या वर वास्पॅलॉयच जिंकतो, यात वाद नाही.

पण त्या कोबाल्टसाठी आपण पैसे मोजतो ते नेमके कशाचे? १९७८ मध्ये झाईरच्या (आजचं काँगो) शाबा या कोबाल्टच्या खाणींच्या प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि अमेरिकेत सुपरअलॉयमधलं (अशा उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंमधलं) कोबाल्ट किती कमी करता येईल याचा अभ्यास सुरू झाला. वास्पॅलॉयही त्यात होता. कोबाल्ट काढल्याचा मोठा फटका बसला तो क्रीपच्या आयुष्याला, म्हणजे गरम धातू सततच्या भाराखाली हळूहळू ताणत जाऊन तुटेपर्यंतच्या काळाला; साध्या ताण-ताकदीला त्या मानाने कमी. आता मेकॅनिकल प्रेसवरचा डाय बघा. बिलेटचा (तापवलेल्या ठोकळ्याचा) स्पर्श क्षणभराचा, तापतो तो वरचा थर, मग लगेच फवारा. क्रीपला तिथे फुरसतच कुठे मिळते?

तरीही मी वास्पॅलॉयवरच राहिलो असतो कदाचित. मला वैताग आणला तो दुरुस्तीने.

इन्सर्टची धार झिजली की टिग वेल्डिंगने भरायची, हे आपलं नेहमीचं काम. वास्पॅलॉयवर वेल्ड छान बसतो. चिरा दाखवणारा लाल रंग (पेनिट्रंट) मारा, लाल रेघ नाही. सगळे खूश. मग एजिंगला भट्टीत टाकायचं आणि बाहेर काढल्यावर वेल्डच्या मण्याच्या (भरलेल्या ओळीच्या) अगदी कडेने बारीक चीर! कारण असं की, भट्टीत गरम होत असतानाच अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमचे कण भराभर तयार होतात. वेल्डचे आतले ताण सुटण्याआधी बाजूचा पट्टा कडक होतो, आणि ताणाला वाट मिळते ती ग्रेनच्या सीमेतून. यावर उपाय आहे: भरण्याआधी अख्खा इन्सर्ट सोल्यूशन ट्रीटमेंटला (खूप तापवून कण परत विरघळवायला) टाका, मग वेल्ड, मग पुन्हा तीच ट्रीटमेंट, आणि कण तयार होतात त्या मधल्या तापमानांतून भट्टी झटकन पुढे न्या. जाड ठोकळ्याला झटकन कसं नेणार? वर मापं हलतात, म्हणजे पुन्हा मशीनिंग. एवढ्यात नवीन इन्सर्ट झाला असता असं वाटायला लागतं.

७१८ मध्ये नायोबियमच्या संथपणाचा इथे फायदा होतो. त्याचे कण तयार व्हायला वेळ घेतात, तोवर ताण बराचसा उतरलेला असतो. हर्बर्ट आइझेलस्टाइन यांनी इंटरनॅशनल निकेलमध्ये हा मिश्रधातू घडवला, १९६२ मध्ये त्याचं पेटंट झालं, आणि वेल्डिंग सोसण्याच्या गुणामुळे तो इतका पसरला. माझ्याकडे भरलेले इन्सर्ट परत प्रेसवर चढले आणि भरलेली जागा उरलेल्या कडेइतकीच टिकली. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

७१८ अगदी निर्धोक आहे असं नाही. हीट जास्त दिली तर वेल्डमध्ये नायोबियम एका जागी साचून लॅव्हस फेज नावाची ठिसूळ रचना तयार होते, म्हणून अँपिअर कमी आणि थर पातळ. माल घरच्या घरी हवा असेल तर हैदराबादची मिधानी हाच ग्रेड सुपरनी ७१८ म्हणून बनवते.

हायड्रॉलिक प्रेसवर काम असेल, बिलेट डायमध्ये बराच वेळ बसत असेल आणि इन्सर्टचा रंगच लालसर राहत असेल, तर मात्र वास्पॅलॉयचा विचार जरूर करा. तिथे ७१८ लवकर नरम पडेल. फक्त कोटेशन मांडताना तो इन्सर्ट भरून पुन्हा वापरता येईल असं गृहीत धरू नका.