दांडिया बाजारातला बीजगणिताचा वर्ग: तीन महिन्यांचा अनुभव

एम.एस्सी.ला मॉड्यूल (ज्यातील घटकांची आपसात बेरीज होते आणि पूर्णांकांसारख्या संख्यांनी त्यांना गुणताही येते अशी बीजगणितातली रचना) हा विषय आला, व्याख्या पाठ झाल्या, पण उदाहरणे काही सुटेनात. म्हणून वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ एक निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी घरी घेतात त्या वर्गाला मी तीन महिने गेलो. तिथली शिकवणी मला मनापासून आवडली.

मॉड्यूल होमोमॉर्फिझमच्या पहिल्याच तासाला सरांनी लॅपटॉपवर 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतील १९९८ सालच्या एका भागाचे दृश्य थांबवून ठेवले. मालिकेतल्या होमर या पात्राच्या फळ्यावर लिहिले होते की ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज ४४७२ च्या बाराव्या घाताइतकी होते. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर बारावे मूळ काढले तर उत्तर ४४७२ च येते, आणि फर्माचे शेवटचे प्रमेय तर सांगते की दोनपेक्षा मोठ्या घातासाठी असे होणे शक्य नाही. सर म्हणाले, "प्रमेय बाजूला ठेवा. प्रत्येक पूर्णांकाला तीनने भागा आणि फक्त बाकी पाहा." बाकी काढण्याची ही क्रिया बेरीज जपते, पूर्णांकाने केलेला गुणाकारही जपते, म्हणजेच ती पूर्णांकांवरचा मॉड्यूल होमोमॉर्फिझम आहे. ३९८७ आणि ४३६५ यांना तीनने नि:शेष भाग जातो, त्यामुळे त्यांचे घात कर्नलमध्ये (होमोमॉर्फिझम ज्यांना शून्यावर नेतो, म्हणजे इथे ज्यांची बाकी शून्य, त्या घटकांच्या संचात) पडतात, आणि कर्नल हे उपमॉड्यूल (मॉड्यूलच्या आतला लहान मॉड्यूल) असल्याने त्यांची बेरीजही तिथेच राहते. ४४७२ च्या बाराव्या घाताची बाकी मात्र १ उरते. समीकरण तिथेच कोसळले, आणि कर्नल कशासाठी असतो हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले. मालिकेचे एक लेखक डेव्हिड एक्स. कोहेन यांनी अशा जवळजवळ खऱ्या जोड्या शोधण्यासाठी संगणक प्रोग्राम लिहिला होता. १९९५ च्या भागातली १७८२, १८४१ आणि १९२२ ही त्रयी सरांनी गृहपाठाला दिली. तिथे तीनची गरजच पडत नाही, सम-विषम पाहिले की पुरे.

परीक्षेच्या दृष्टीनेही वर्ग चोख आहे. १२ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकींच्या मॉड्यूलवरून १८ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकींच्या मॉड्यूलवर किती होमोमॉर्फिझम होतात, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर ६ का येते, हे सरांनी होमोमॉर्फिझम १ ला कुठे कुठे नेऊ शकतो एवढ्या एका प्रश्नावरून आमच्याकडूनच काढून घेतले. मराठी-गुजराती मिसळून बोलत असल्याने शंका विचारायला संकोच वाटत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. एक्झॅक्ट सिक्वेन्स (होमोमॉर्फिझमची अशी साखळी, जिच्यात प्रत्येकाच्या उत्तरांचा संच हाच पुढच्याचा कर्नल असतो) शेवटच्या दोन शनिवारांत घाईने उरकले गेले, आणि त्या भागाच्या झेरॉक्स इतक्या पुसट होत्या की बाण कोणत्या मॉड्यूलकडून कोणत्या मॉड्यूलकडे जातो हेच दिसत नव्हते. त्या भागाला आणखी दोन तास मिळायला हवेत. खोली लहान आहे, तेव्हा फळ्यासमोर जागा हवी असेल तर दहा मिनिटे आधी पोहोचावे, आणि ग्रुप व रिंग या बीजगणितातल्या आधीच्या मूलभूत रचनांची उजळणी घरूनच करून यावे, कारण त्यावर सर वेळ घालवत नाहीत.