विच हॅट अटेलिए, भाग १ : एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्यांनी तर वाचाच

चेटकीण म्हटलं की आपल्याला बालनाट्यातली खी खी करत स्टेजवर येणारी बाईच आठवते, तसलं यात काही नाहीये. कामोमे शिराहामा या जपानी चित्रकर्तीची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक आहे, तिकडे २०१६ पासून मासिकात चालू आहे आणि इंग्रजी आवृत्तीला २०२० मध्ये आयझ्नर हे कॉमिक्सचं मोठं बक्षीस पण मिळालंय.

कोको ही कपडे शिवणाऱ्या बाईची पोर. तिच्याकडे सगळे धरून चालतात की जादूगार जन्मालाच यावं लागतं, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. आणि मग ती एकदा चोरून बघते तर क्विफ्री नावाचा जादूगार मंत्रबिंत काही म्हणतच नाहीये, चक्क पेनाने चित्र काढतोय! झालं, पोरगी लहानपणी मिळालेलं पुस्तक काढून त्यातली चित्रं गिरवत बसते आणि त्या नादात सख्ख्या आईचा दगड करून ठेवते. तिला सोडवायचं म्हणून मग क्विफ्रीकडे शिकायला जाते.

मला आवडली ती यातली जादूची पद्धत. मधलं चिन्ह ठरवतं आग की पाणी की वारा, भोवतीच्या खुणा ठरवतात ते कुठे आणि कसं जाणार, आणि बाहेरचं वर्तुळ मिटलं की जादू सुरू. रेघ हलली की जादू पण वाकडी. एलिमेंटरीच्या परीक्षेला फ्रीहँड गोल काढताना ज्यांचा घाम निघालाय त्यांना हे लगेच कळेल. उडायचे बूट तर कमालच, प्रत्येक तळव्यावर अर्धं अर्धं वर्तुळ, पाय जुळवले की पूर्ण होतं आणि माणूस वर! हे एवढं साधं मला का नाही सुचलं असं वाटून जरा जळलोच.

क्विफ्रीकडे बाकीच्या तीन मुली आधीपासून शिकतायत, त्यातली अगॉट कोकोला उभी करत नाही, आणि खरं सांगू तर मला अगॉटचंच पटत होतं, वर्षानुवर्षं हात घासायचा आणि कालची पोर येऊन शेजारी बसणार? शिवाय माणसाच्या शरीरावर जादू करायला सक्त बंदी, अगदी बरं करायला पण नाही. ही गोष्ट नंतर चांगलीच टोचते.

चित्रांबद्दल काय बोलणार, एकेका चौकटीची किनार बघत लोकलमध्ये माझं स्टेशन जायचं बाकी होतं. पण पानं काळीपांढरी आहेत, अक्षर बारीक, आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं, भाचीला पाच मिनिटांत जमलं, ताईने मात्र वैतागून ठेवून दिलं. मराठीत नाहीये, त्यामुळे पोरांना इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तरच घ्या, दहा-बाराच्या पुढे ठीक.

आणि एकटा पहिला भाग घेऊ नका, ऐन रंगात आल्यावर तुटतो. फोर्टात मी गेलो त्या दुकानात पहिला होता, चौथा होता, मधले दोन गायब. फोन करून विचारून मगच जा.