स्विमिंग पूलचा ठेकेदार: पाचपैकी एक तारा, तोही टाइलवाल्याचा

ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. मुळशीच्या घरी 20 बाय 10 फुटांचा, साडेचार फूट खोल पूल बांधून घेतला. नातवंडांचा हट्ट आणि यांची हौस. साडेनऊ लाखांत ठरलं. तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासली, आणि इथे दोन पानी कोटेशनवर डोळे झाकून सही केली. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं हवं तर 18 टक्के वर पडतील, मॅडम." आम्ही कच्च्या पावतीवर भागवलं. लोभ, दुसरं काय!

हप्ते ठरले खोदाईला, काँक्रीटला, टाइलला. टाइल लागेपर्यंत सव्वाआठ लाख त्याच्याकडे गेले होते. पाणी भरून बघण्याचा हप्ताच नव्हता, आणि घोळ झाला तो तिथेच. टाइल लावण्याआधी टाकी काठोकाठ भरून तीन-चार दिवस पातळी बघायची असते. "मुलांच्या सुट्टीच्या आत पूल हवाय ना?" म्हणत त्यानं थेट टाइल लावायला घेतली. शिवाय पाइप आणि दिवे बसवायला काँक्रीट झाल्यावर भिंत फोडली आणि कडेनं नुसतं सिमेंट लिंपलं. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी होते!

एप्रिलअखेर पूल भरला आणि पाणी उतरायला लागलं. "उन्हानं उडतं हो, मॅडम." शेवटी गावातल्या प्लंबरला बोलावलं. त्यानं पूलच्या पायरीवर भरलेली बादली ठेवली, मार्करनं तिच्या आतल्या पाण्याला एक रेघ, बाहेरच्या पाण्याला एक रेघ, आणि पंप बंद. दुसऱ्या दिवशी बादलीत पाव इंच कमी, पूलमध्ये इंचभर. ऊन तर दोन्हीकडे सारखंच! म्हणजे पाऊण इंच गळती, रोजचं साडेतीनशे लिटर पाणी, तेही टँकरचं. या माणसाला पाचपैकी पाच.

जुलैत ठेकेदाराचा निरोप आला, पूल पूर्ण उपसून ठेवा, माणूस पाठवतो. प्लंबर म्हणाला, "ताई, भर पावसात रिकामा नका करू, जमिनीतलं पाणी टाकी खालून उचलतं." नाही केला. माणूसही आला नाही, आणि मग फोनही लागेना.

जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच ते दहा लाख दिले असतील तर फी 200 रुपये. कच्च्या पावतीवरून वकिलांची बोलणी खाल्ली, पण सगळे पैसे एनईएफटीनं गेले होते म्हणून निभावलं.

एक तारा निळी मोझेक ओळंब्यात लावणाऱ्या कारागिराचा. त्याचेही पैसे ठेकेदारानं बुडवलेत म्हणे. पूलमध्ये सध्या कमरेएवढं हिरवं पाणी आहे, नातू त्यात बेडूक मोजतो.